पेढी, घर आणि दानधर्म : मुंबईच्या फरहा ससून

या व्याख्यानमालेत आपण मुंबई-पुण्याच्या घडणीत ज्यांचा हात आहे, पण ज्यांची नावं फक्त पाट्यांवर उरली आहेत, अशा माणसांविषयी बोलतो. आजचं नाव तर आपल्या तोंडात रोजचंच आहे. पुण्यात कुणाला अपघात झाला की आपण विचारतो, ‘ससूनला नेलं का?’ मुंबईत पहाटे ताजी मासळी आणायची तर ससून डॉकला जायचं. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, पुण्याच्या लष्कर भागात लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. म्हणजे ससून हे नाव आपल्याला आडनाव वाटतच नाही, ते एका जागेचं नाव झालं आहे. या सगळ्या पाट्या घराण्यातल्या पुरुषांच्या आहेत. आज आपण बोलणार आहोत त्या बाईंची पाटी यात कुठेच नाही. पण १८९४ ते १९०१ अशी सात वर्षं या घराण्याच्या मुंबईच्या पेढीचा कारभार त्यांच्या हाती होता. तोही वरवरचा नव्हे, तर रोजची पत्रं, हुंड्या, भाव आणि माल यांच्यासकट.

त्यांचं नाव फरहा. अरबीत फरहा म्हणजे आनंद. इंग्रजी पुस्तकांत त्या ‘फ्लोरा ससून’ म्हणून भेटतात. या घराण्यात नावांचा असा प्रवास नेहमीचाच: अब्दुल्लांचे अल्बर्ट झाले, फरहाच्या फ्लोरा झाल्या. मुंबईत एक नाव, लंडनला दुसरं. आम्ही आज त्यांना मुंबईच्या रिवाजाप्रमाणे फरहाबाईच म्हणू, कारण आपल्याला रस आहे तो त्यांच्या मुंबईतल्या आयुष्यात.

आधी थोडं घराविषयी सांगतो. इथे जरा बोटं मोजावी लागतील. बगदादहून निघून १८३०च्या दशकात मुंबईत येऊन स्थिरावलेले डेव्हिड ससून हे या घराण्याचे मूळ पुरुष. १८६४ साली ते पुण्यात वारले. त्यांचे थोरले चिरंजीव अब्दुल्ला, म्हणजे पुढचे सर अल्बर्ट ससून, ज्यांनी ससून डॉक बांधलं. अब्दुल्लांची मुलगी अझीझा. तिचं लग्न झालं एझिकेल गबाय यांच्याशी, तेही बगदादी ज्यू व्यापारी घराण्यातले. या दोघांची मुलगी फरहा, १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जन्मलेली. म्हणजे डेव्हिड ससून हे फरहाबाईंचे पणजोबा. १८७६ साली फरहाचं लग्न झालं ते सॉलोमन ससून यांच्याशी, आणि हे सॉलोमन कोण? तर डेव्हिड ससून यांचे दुसऱ्या पत्नीपासूनचे चिरंजीव, जन्म १८४१. अझीझाचे सावत्र काका! त्यामुळे झालं असं की पणजोबा हेच सासरे झाले आणि सख्खे आजोबा मोठे दीर झाले. आपल्याला हे ऐकून हसू येतं. पण त्या काळच्या बगदादी ज्यूंना यात वावगं काही वाटत नव्हतं. धर्माची मुभा होती, आणि व्यापारी घराण्याला भांडवल घरातच राहिलेलं बरं असतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करताना शेत वाटून जाऊ नये असा हिशोब कित्येक घरांत असायचा की नाही? तसंच.

या नात्यांच्या गुंत्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. फरहाबाई ससूनांच्या घरात बाहेरून आलेली सून नव्हती. ती दोन्हीकडून घरचीच होती. पेढीवर, ओसरीवर, जेवणाच्या टेबलावर जे बोललं जायचं ते तिच्या कानावर जन्मापासून पडत होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जातो, कारण दर वेळी हा प्रश्न येतोच. कोकणातले, मराठी बोलणारे आपले बेने इस्रायली, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, ते वेगळे, आणि हे बगदादी ज्यू वेगळे. धर्म एकच, पण बगदादींची घरची भाषा अरबी, व्यवहार आधी बगदादकडे तोंड करून आणि नंतर लंडनकडे. दोघांत रोटीबेटीचा व्यवहार फारसा नव्हता, आणि बगदादींनी बेने इस्रायलींना बरोबरीनं वागवलं असंही म्हणता येत नाही. हे दुःख बेने इस्रायली मंडळींनी लिहून ठेवलेलं आहे. फरहाबाईंचं कौतुक करताना हे झाकून ठेवण्याचं कारण नाही.

बाईंचं शिक्षण कसं झालं? घरी, गुरूंकडून. हिब्रू, आरामेइक, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. त्यात हिब्रू आणि आरामेइक यांना महत्त्व आहे. आरामेइक ही तालमूदची भाषा. ज्यू परंपरेत हा अभ्यास पुरुषांचा मानला जायचा. आपल्याकडे त्या काळात एखाद्या मुलीनं पाठशाळेत न जाता घरी बसून वेद आणि मीमांसा पुऱ्या कराव्यात, तसं हे झालं. पुढे आयुष्यभर मोठमोठे रब्बी या बाईंशी धर्मग्रंथांवर बरोबरीनं चर्चा करत.

लग्नानंतर तीन मुलं झाली: रेचेल, डेव्हिड आणि मोझेल. मुलगा डेव्हिड १८८०चा, मुंबईचाच. तो पुढे जगातल्या मोठ्या हिब्रू हस्तलिखित-संग्राहकांपैकी एक झाला. म्हणतात की आठ वर्षांचा असताना त्यानं आपला पतंग देऊन बदल्यात मुंबईत छापलेलं एक जुनं धार्मिक पुस्तक घेतलं आणि तिथून त्याला हा नाद लागला. धाकटी मोझेल मात्र लहानपणापासून आजारी. तिची काळजी आईला जन्मभर पुरली.

सॉलोमन मुंबईची पेढी सांभाळत होते. थोरले बंधू अब्दुल्ला, म्हणजे सर अल्बर्ट, १८७०च्या दशकात विलायतेला स्थायिक झाले होते. रूबेन आणि आर्थर हे भाऊही तिकडेच, आणि युवराजांच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या, मित्रमंडळात रमलेले. शिकार, शर्यती, मेजवान्या. इकडे पूर्वेचा सगळा धंदा, म्हणजे मुंबई, कलकत्ता, शांघाय, हाँगकाँग, याचा भार सॉलोमन यांच्यावर. कामाचा माणूस. दिवसभराचं पेढीचं काम ते घरी आल्यावर पत्नीशी बोलत, आणि बोलता बोलता ती धंदा शिकली. मार्च १८९४ मध्ये ते वारले. वय बावन्न-त्रेपन्न.

आता क्षणभर थांबून त्या सालाकडे बघा. १८९४. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन सुरू होऊन पाच वर्षं झालेली. धोंडो केशव कर्वे यांनी आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, एका विधवेशी विवाह केला म्हणून मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातलेला. विधवेनं शिकावं की नाही, यावर आपल्याकडे वर्तमानपत्रांत रकाने भरत होते. आणि त्याच मुंबईत तीन मुलांची आई असलेली एक विधवा फोर्टमधल्या पेढीत जाऊन खुर्चीवर बसते आणि चीनला तार करते. ज्यू विधवेला आपल्याकडच्यासारखं केशवपन वगैरे नव्हतं, हे खरं. पण जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या व्यापारी पेढीची सूत्रं बाईच्या हाती, हे तेव्हा लंडनलाही कुणी पाहिलेलं नव्हतं.

हे झालं कसं? पेढीत दुसरं कुणी तयार नव्हतं, हे एक उघड कारण. लंडनच्या मंडळींना मुंबईच्या उकाड्यात परत यायचं नव्हतं. दुसरं कारण आपण मघाशी लक्षात ठेवलेलं: ती दोन्हीकडून घरची होती, नवऱ्याचा हिस्सा तिच्याकडे आला होता, आणि काम तिला येत होतं. तिनं ते मागून घेतलं. नुसतं नावाला भागीदार राहून महिन्याचा नफा घ्यायचा पर्याय तिला नक्कीच होता.

तिचं काम म्हणजे काय होतं, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. ‘डेव्हिड ससून आणि कंपनी’चा व्यापार कापूस, सूत, कापड, आणि अफू यांचा. होय, अफू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि १८७०-८०च्या दशकांत त्या व्यापारात ससूनांचा वाटा फार मोठा होता. फरहाबाई पेढीवर बसल्या तेव्हा अफूचा प्रश्न तपासणारा शाही आयोग, १८९३ ते १८९५, चालूच होता. व्यापार त्यांच्या काळातही चालू राहिला, आणि त्यांनी तो थांबवला नाही. कायद्यानं तेव्हा तो गुन्हा नव्हता, सरकारचंच त्यावर उत्पन्न होतं, हे सगळं मान्य. पण या घराण्याच्या दानाविषयी बोलताना पैसा कुठून आला हे सांगायचं नाही, असला आदर आम्हाला जमत नाही. ससून रुग्णालयात बऱ्या होऊन घरी गेलेल्या लाखो माणसांचं भलं झालं ते खरं, आणि चीनमध्ये त्या अफूनं जे झालं तेही खरं. एकानं दुसरं फिटत नाही.

पेढीचा रोजचा व्यवहार पत्रांवर चाले. शांघायहून भाव कळवायचे, कलकत्त्याहून लिलावाची बातमी यायची, कुठल्या बोटीत किती गाठी चढल्या, कुणाची हुंडी परत आली, कोणता दलाल विश्वासाचा राहिला नाही. ही पत्रं कोणत्या भाषेत असत? घरातल्या घरात ती बगदादी अरबीत, पण हिब्रू धाटणीच्या अक्षरांत लिहिली जात. इतरांना वाचताच येऊ नयेत, हा त्यात एक फायदा होताच. आपल्याकडे मोडीचं जे झालं, तेच याचं. रुमालात बांधलेली दप्तरं आहेत, पण वाचणारा नाही. त्यामुळे ससूनांवर इंग्रजीत जी जुनी चरित्रं लिहिली गेली, १९४१ सालचं सेसिल रॉथ यांचं किंवा १९६८ सालचं स्टॅन्ले जॅक्सन यांचं, त्यांत मेजवान्या, घोडे आणि राजघराण्याशी मैत्री हे भरपूर आहे. फरहाबाईही आहेत, पण त्या मुख्यतः धर्मनिष्ठ, विदुषी, दानशूर आणि पाहुणचारात अद्वितीय अशा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालेली पेढीची कागदपत्रं जोसेफ ससून या इतिहासकारांनी अलीकडे वाचली आणि २०२२ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा फरहाबाईंची धंद्यातली बाजू नीट समोर आली. ते स्वतः बगदादेत जन्मलेले, ती भाषा घरची, म्हणून जमलं.

आता मुंबईवर आलेल्या संकटाकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. गिरण्यांचे सांचे ओस पडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, घरांची झडती सुरू झाली, माणसं ओढून छावण्यांत नेली जाऊ लागली. पुण्यात मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. सरकारवरचा लोकांचा विश्वास किती उडाला होता, हे यावरून कळावं.

अशा वातावरणात वाल्डेमार हाफकिन मुंबईत काम करत होते. हाफकिन हे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचून पाहिली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्लेग आल्यावर सरकारनं त्यांना मुंबईला बोलावलं. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, तिला लागून व्हरांडा, एक कारकून आणि हाताखाली तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. प्लेगचे जंतू रश्श्यासारख्या द्रवात वाढवायचे तर वर तूप तरंगत ठेवायचं ही त्यांची युक्ती. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे लोंब धरायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लसही आधी स्वतःला टोचली.

पण लस तयार झाली म्हणजे लोक दंड पुढे करतात असं नव्हे. कोविडच्या वेळी आपण सगळ्यांनी पाहिलं. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, दोन दिवस माणूस झोपून. अफवा होत्याच: सरकार धर्म बाटवतंय, सुईत काही अभक्ष्य आहे, गोरे डॉक्टर मुद्दाम मारतायत. अशा वेळी सरकारी हुकूम उलटा परिणाम करतो. उपयोग होतो तो ओळखीच्या माणसाचा. आगाखानांनी, म्हणजे तरुण तिसऱ्या आगाखानांनी, आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली, माझगावातला आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. आणि फरहाबाईंनी हाफकिनना पाठबळ दिलं, स्वतः चारचौघांच्या देखत लस टोचून घेतली, की हिंदू-मुसलमान कुटुंबांची भीती जावी.

या गोष्टीवर आम्ही थोडं अडून बोलणार आहोत. घराण्याच्या चरित्रांत ही हकीकत ‘दानशीलता’ या मथळ्याखाली येते. पण यात पैसे कुठे आहेत? इथे त्यांनी दिला तो स्वतःचा दंड, आणि त्याला किंमत आली ती त्या पेढीवर बसत होत्या म्हणून. मलबार हिलवरच्या बंगल्यात बसून राहणाऱ्या एखाद्या श्रीमंत विधवेनं टोचून घेतलं असतं तर दलाल, मुकादम, हमाल, कारकून यांना त्याचं काय? शेठाणी रोज डोळ्यांसमोर दिसते, हिशोब विचारते, पगार देते. तिनं टोचून घेतलं आणि चार दिवसांनी ती परत खुर्चीवर आली, हे बघून माणसाचा धीर वाढतो. म्हणून आमचं म्हणणं असं की, फरहाबाईंचा दानधर्म त्यांच्या धंद्यापासून सुटा करून सांगता येत नाही. आणि कामगार जगला तर धंदा जगतो, हा स्वार्थही त्यात धरावा. ससूनांच्या गिरण्या होत्या, आणि गिरणी ओस पडण्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. स्वार्थ आणि परोपकार एका घरात नांदतात. आपल्या घरांतही नांदतात.

ज्यू परंपरेत दानाला शब्द आहे ‘त्सेदाका’. अरबीतला ‘सदका’ त्याचाच भाऊ. पण हिब्रूत हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून येतो. म्हणजे गरिबाला देणं ही मेहेरबानी नसून त्याचं देणं चुकतं करणं. मिळकतीचा दहावा हिस्सा काढून ठेवायचा, हा जुना दंडक. ससूनांच्या पेढीत प्रत्येक व्यवहारावर एक बारीक आकार धर्मादायासाठी बाजूला पडे. इथे आपल्या मुंबईच्या बाजारपेठेतल्या लोकांना लगेच ओळखीचं वाटेल, कारण भुलेश्वर-मांडवीच्या व्यापाऱ्यांच्या बिलावरही ‘धर्मादा’ म्हणून एक ओळ असायची, आणि त्या पैशांतून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोया चालायच्या. तेव्हा पेढीवर बसणारा माणूस हाच दान कुठे जायचं हे ठरवणारा माणूसही असे. दान हा सणासुदीचा कार्यक्रम नव्हता, खातेवहीतलं एक खातं होतं. मदत मागणारी पत्रं बगदादहून येत, कोचीनहून येत, पॅलेस्टाईनमधल्या धर्मशाळांकडून येत. कुणाला मुलीच्या लग्नाला हवे, कुणाला औषधाला, कुणाला धर्मग्रंथ छापायला. ही पत्रं वाचून उत्तरं देण्याचा परिपाठ फरहाबाईंनी पुढे लंडनलाही शेवटपर्यंत सोडला नाही.

मग त्या लंडनला गेल्या कशा? इथे दोन हकीकती सांगितल्या जातात. जुनी हकीकत अशी की, धाकट्या मोझेलच्या औषधोपचारासाठी आणि मुलांच्या पुढच्या आयुष्यासाठी त्यांनी मुंबई सोडली. आई आहे, मुलीचं दुखणं आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. आणि ते खोटंही नाही. पण पेढीची कागदपत्रं दुसरंही सांगतात. सर अल्बर्ट १८९६ मध्ये वारले. आजोबांचा आधार गेला. लंडनच्या भागीदारांना मुंबईहून येणारे सल्ले, तक्रारी, हिशोबाच्या मागण्या नकोशा झाल्या होत्या. बाईचा हात कामात फार आहे, ती इतरांना विचारत नाही, अशी कुरकुर सुरू झाली. ज्यांना पेढीपेक्षा पार्लमेंट आणि शर्यतीची मैदानं जवळची होती, त्यांची ही कुरकुर. १९०१ साली जुनी भागीदारी मोडून तिची खासगी मर्यादित कंपनी झाली, अध्यक्ष झाले अल्बर्ट यांचे चिरंजीव सर एडवर्ड ससून, जे तेव्हा पार्लमेंटचे सभासद होते. सूत्रं लंडनला गेली. त्याच साली फरहाबाईंनी मुंबई सोडली.

आमच्या मते या दोन हकीकतींत एक निवडण्याची गरज नाही. पण पहिलीच पुढची शंभर वर्षं का टिकली, हे विचारायला हवं. बाई मुलीसाठी गेली, हे सांगायला सोपं आहे, कुणाचीच त्यात बदनामी नाही. बाईला घरच्याच पुरुषांनी बाजूला केलं, हे सांगायला घराण्यात कोण तयार होणार? आपल्या घरांत पण असंच होतं. आजीनं शिकवण्या का सोडल्या, आत्यानं दुकान का बंद केलं, विचारलं तर उत्तर येतं, ‘मुलं लहान होती ना.’ तेवढ्यावर विषय मिटतो.

लंडनचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी पुष्कळ लिहिलेलं आहे. मेफेअरमध्ये ब्रूटन स्ट्रीटवर त्यांचं घर. तिथल्या पंगती प्रसिद्ध, सगळं अन्न कोशर, आणि बगदादी-मुंबई चवीचं. प्रवासाला निघाल्या की बरोबर दहा ज्यू पुरुष घेऊन निघत, कारण सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. आणि धर्माप्रमाणे कोंबडं-बकरं कापणारा माणूसही सोबत. आपल्याकडे सोवळ्यात राहणाऱ्या संस्थानिकांच्या काशीयात्रेची वर्णनं वाचलीत तर हे फार वेगळं वाटणार नाही! १९१० साली त्या मुलांना घेऊन बगदादला गेल्या, पणजोबांनी जे शहर सोडलं होतं तिथे. तिथे सभागृहात सर्वांसमोर तोरा वाचण्याचा मान त्यांना मिळाला, असं सांगतात. ऑर्थोडॉक्स ज्यूंमध्ये स्त्रीला हा मान मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९२४ मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या, म्हणजे जिथे तेव्हा रब्बी तयार होत त्या संस्थेच्या, वार्षिक समारंभात त्यांनी अध्यक्षस्थानावरून भाषण केलं. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. अकराव्या शतकातला थोर भाष्यकार राशी याच्यावर त्यांनी १९३० साली निबंध लिहिला.

थोरली मुलगी रेचेल १९१२ साली कलकत्त्याच्या एझरा घराण्यात गेली, ती लेडी एझरा. मुलगा डेव्हिड यानं हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवली आणि १९३२ मध्ये त्यांची दोन खंडांची सूची छापली, तिचं नाव ‘ओहेल दाविद’. पुण्याच्या लाल देवळाचंही नाव तेच आहे, डेव्हिडचा तंबू. त्या संग्रहातलं एक हिब्रू बायबल, हजारेक वर्षं जुनं, २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलर्सना गेलं. बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती, तिच्यात ससून हे नाव होतं. ज्या मुलानं ते पुस्तक मिळवलं त्याला हिब्रू वाचायला कुणाच्या घरात मिळालं, ते बातमीत नव्हतं.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आणि १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. फरहाबाई गेल्यानंतर ‘डेव्हिड ससून आणि कंपनी’ हळूहळू मागे पडत गेली. धाकटी पाती, एलियास ससून यांनी १८६७ साली वेगळी काढलेली ‘ई. डी. ससून’, तीच पुढे मोठी झाली.

१४ जानेवारी १९३६ रोजी फरहाबाई लंडनमध्ये वारल्या. त्यांचं गुणगान झालं ते धर्मज्ञान, भक्ती आणि दातृत्व यांसाठी, आणि ते सगळं खरंच होतं. पेढीची पत्रं तेव्हा खोक्यांत पडून होती. ती आज जेरुसलेमच्या ग्रंथालयात आहेत, हिब्रू अक्षरांतल्या बगदादी अरबीत, आणि अजून वाचायची पुष्कळ शिल्लक आहेत. मोडी वाचणारी तरुण मुलं आपल्याकडे पुन्हा तयार होतायत, तशी त्या लिपीची मुंबईत एखाद-दोन तयार झाली तर आपल्या शहराच्या बाजाराचा बराच इतिहास त्यांना सापडेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ.